भोगीचे एकच पातेले, सर्वांचे एकच ताट

मकरसंक्रांतीचा आदला दिवस म्हणजे भोगी. इंग्रजी महिन्याप्रमाणे हा दिवस बहुधा १३ जानेवारीला आणि एखाद्या वर्षी १४ तारखेला येतो. गावाकडे भोगीचे जेवण दुपारी होते. गोरेगावसारख्या उपनगरात मात्र हा दिवस अनेकांच्या कामाचा असतो, त्यामुळे घरातील सर्व माणसे परतल्यावर रात्रीच भोगीचे पान मांडले जाते. तिळाची बाजरीची भाकरी आणि तिच्यासोबत हिवाळ्यातील साऱ्या शेंगा, दाणे व भाज्या एकत्र शिजवलेली भोगीची भाजी हे त्या पानातील मुख्य अन्न. काही भागांत या भाजीला ‘खेंगट’ म्हणतात, तर काही घरांत ‘लेकुरवाळी भाजी’.

‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका दिवसाच्या जेवणाने कोणी निरोगी होत नाही आणि ते चुकल्याने कोणी आजारीही पडत नाही, हे वैद्यकाच्या दृष्टीने उघड आहे. तरीही ही म्हण मला दरवर्षी वेगळ्याच कारणाने आठवते. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी ‘भोगीला काय जेवलात?’ असे विचारतो. पुष्कळदा उत्तर येते, ‘माझा वरणभात वेगळा लावला होता.’

यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. दात नाहीत, साखर आहे, रक्तदाब आहे, पोटात वायू धरतो, म्हणून घरच्यांनी काळजीपोटीच वेगळे शिजवलेले असते. परंतु त्या काळजीची किंमतही मोजावी लागते. वयाबरोबर भूक मंदावते, चव आणि गंध कमी कळू लागतात, आणि फिकट, एकट्याचे ताट समोर आले की चार घासांतच जेवण संपते. असे वारंवार घडू लागले की प्रथिने कमी पडतात, स्नायू झिजतात, खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच, की भोगीची भाजी घरातील बहुतेक सर्व ज्येष्ठांना देता येते. त्यासाठी स्वतंत्र स्वयंपाक करावा लागत नाही. एकाच पातेल्यातून योग्य टप्प्यावर त्यांचा वाटा बाजूला काढावा लागतो.

दूध-तुपाविना सणाचे जेवण

अलीकडे अनेक घरांत एखादा मुलगा, सून किंवा नात ‘व्हिगन’ झालेली असते. मांस, मासे आणि अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य करणारा हा आहार. ‘व्हिगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये घडला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२२ मध्ये अशा अन्नपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. तत्त्व म्हणून नव्हे, तर दूध पचत नाही म्हणून ते सोडलेले ज्येष्ठही कमी नाहीत. वयानुसार दुधातील साखर पचविण्याची शक्ती अनेकांत घटते आणि पेलाभर दुधानेही पोट फुगते किंवा जुलाब होतात.

अशा वेळी घरच्या गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो, की श्रीखंड नाही, बासुंदी नाही, पुरणपोळीवर तूप नाही, मग सणाला करावे तरी काय? आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये आमच्याच गोरेगावच्या कुशीत वसली. दुधाशी इतके जुने नाते असलेल्या या उपनगरातही या प्रश्नाचे उत्तर जानेवारीच्या भाजीबाजारात सहज मिळते. भोगीची भाजी मुळातच पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. तिला तेलाची फोडणी असते आणि दाटपणा तीळ, शेंगदाणे व सुके खोबरे यांमुळे येतो. भाकरीवरचा लोण्याचा गोळा तेवढा वगळला, की संपूर्ण ताट व्हिगन होते. संक्रांतीला आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे होणारा उंधियोही याच ऋतूतील दाण्या-शेंगांचा पदार्थ आहे. मात्र त्यात तेल बरेच असते, भोगीच्या भाजीचे काम थोड्या तेलात भागते.

ताटातील पोषण

हे जेवण पोटभरीचे का, हे थोडे समजून घेऊ. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि भरपूर तंतू असतात. मात्र तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव पावटा, हरभरा आणि मटार हे दाणे भरून काढतात. उलट, दाण्यांत जे मेथिओनिन कमी असते, ते तिळातून मिळते. पोषणशास्त्राने हे हिशेब अलीकडे मांडले, घरोघरच्या पातेल्यांत ते आधीपासून जमलेले होते.

तिळात कॅल्शियम विपुल आहे. १०० ग्रॅम तिळात ते हजार मिलिग्रॅमहून अधिक असते. अर्थात १०० ग्रॅम तीळ कोणी खात नाही. पुढे दिलेल्या प्रमाणाने एका माणसाच्या वाट्याला भाजी आणि भाकरी मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम येईल, आणि तिळाच्या सालीतील ऑक्झलेटमुळे त्यातील काहीच भाग शरीरात शोषला जाईल. ज्येष्ठांची रोजची गरज १००० ते १२०० मिलिग्रॅम असल्याने ‘तीळ खाल्ले, आता कॅल्शियमची गोळी नको’ असा निष्कर्ष काढू नये.

प्रथिनांचा हिशेब अधिक समाधानकारक आहे. मध्यम वाटीभर भाजी आणि एक भाकरी यांतून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या ६० किलो वजनाच्या ज्येष्ठ व्यक्तीला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे एका ताटातून गरजेचा चौथा हिस्सा भागतो. केवळ वरणभाताच्या चार घासांतून हे साधत नाही.

एक गोष्ट मात्र या ताटात नाही, ती म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. जे कायम व्हिगन आहार घेतात, तसेच जे ज्येष्ठ अनेक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण वाढणे ही त्याच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात, आणि अनेकदा ती ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात.

साहित्य (सहा माणसांसाठी)

लहान वांगी ५-६, गाजरे २, बटाटा १, शेवग्याची शेंग १, घेवड्याच्या शेंगा (शिरा काढून) १ वाटी, ओल्या पावट्याचे दाणे १ वाटी, ओला हरभरा १ वाटी, मटार १ वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी, बोरे ५-६ (आवडत असल्यास).

वाटणासाठी भाजलेले तीळ ४ मोठे चमचे आणि भाजलेले सुके खोबरे पाव वाटी.

फोडणी व मसाल्यासाठी तेल ३ मोठे चमचे, मोहरी, जिरे, ओवा अर्धा लहान चमचा, हिंग, हळद, किसलेले आले १ लहान चमचा, गोडा मसाला २ लहान चमचे, लाल तिखट १ लहान चमचा, चिंचेचा कोळ १ मोठा चमचा, गूळ १ लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा.

भाकरीसाठी ताजे दळलेले बाजरीचे पीठ, तीळ आणि कडकडीत पाणी. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होते. त्यामुळे आठवड्याला पुरेल इतकेच दळून आणावे.

कृती

१. शेंगदाणे सकाळीच भिजत घालावेत. ओले पावटे मिळाले नाहीत आणि सुके वापरायचे असतील, तर अर्धी वाटी पावटे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे. पोटात वायू धरण्याचा त्रास त्याने कमी होतो.

२. शेंगदाणे, पावटे आणि हरभरा थोड्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन मऊ शिजवून घ्यावेत. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे.

३. तीळ आणि खोबरे मिक्सरमध्ये बारीक वाटावे. अख्खा तीळ कवळीखाली अडकतो आणि न चावता गिळला गेल्यास तसाच बाहेर पडतो. वाटलेल्या तिळाचा उपयोग शरीराला अधिक होतो.

४. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरे, ओवा, हिंग, हळद आणि आले घालावे. नंतर बटाटा, गाजर, शेवगा आणि घेवडा, व पाच मिनिटांनी वांगी आणि मटार घालावेत. दोन वाट्या गरम पाणी ओतून, झाकण ठेवून सर्व भाज्या मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे.

५. शिजलेले दाणे त्यातील पाण्यासह घालावेत. तीळ-खोबऱ्याचे वाटण, गोडा मसाला, चिंच, गूळ आणि मीठ घालून दहा मिनिटे उकळू द्यावे.

६. ज्यांना चावण्याचा त्रास आहे किंवा तिखट सोसत नाही, त्यांचा वाटा आता बाजूला काढावा. उरलेल्या भाजीत तिखट आणि बोरे घालून आणखी पाच मिनिटे उकळी द्यावी.

७. बाजरीच्या पिठात कडकडीत पाणी घालून थोडा वेळ झाकून ठेवावे, मग चांगले मळून भाकरी थापावी. अशी भाकरी मऊ राहते. थापताना वर तीळ लावावेत. ज्येष्ठांच्या भाकरीसाठी तेच तीळ कुटून पिठात मिसळावेत. भाकरी कापडात गुंडाळून ठेवावी. लोण्याऐवजी शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीत थोडे तेल कालवून ती सोबत द्यावी.

या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला भाजीतून साधारण दीड ग्रॅम मीठ आणि दीड लहान चमचा तेल येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत असावी. भाजी अळणी वाटली तर मीठ वाढवू नये, वरून लिंबू पिळावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे बाजरीतील लोह शोषले जाण्यासही मदत होते. याच कारणासाठी जेवणानंतर तासभर चहा टाळावा.

कोणासाठी काय बदलावे

*दात नसल्यास किंवा कवळी असल्यास:* बाजूला काढलेल्या भाजीतून शेवग्याच्या शेंगा काढून त्यांचा गर तेवढा परत घालावा. वांग्याची साल काढावी. नंतर भाजी पावभाजीच्या चमच्याने घोटावी आणि भाकरी गरम रश्शात कुस्करून दहा मिनिटे भिजू द्यावी. चव तीच राहते, रूप तेवढे बदलते.

*गिळताना त्रास होत असल्यास:* पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना अख्खे शेंगदाणे, बोरांच्या बिया, उसाचे करवे आणि पातळ रस्सा-भाकरी असे मिश्रण देऊ नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यांचा वाटा मिक्सरमधून एकजीव आणि दाट करून घ्यावा. डॉक्टरांनी किंवा गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांनी दाटपणा ठरवून दिला असेल, तर तोच पाळावा. व्यक्तीला ताठ बसवून लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. घास घेताना खोकला येणे किंवा आवाज घोगरा, ओलसर होणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी भरवणे थांबवावे आणि डॉक्टरांशी बोलावे.

*मधुमेह असल्यास:* या भाजीत तंतू आणि प्रथिने भरपूर असल्याने ती भातापेक्षा सावकाश पचते. तरीही भाकरी एकच घ्यावी, बटाटा बाजूला ठेवावा आणि भाजीवर पुन्हा भात टाळावा. भोगीच्या पाठोपाठ संक्रांतीचे तिळगूळ येतात, त्यांचाही हिशेब धरावा. गूळ हीसुद्धा साखरच आहे.

*पोटात वायू धरत असल्यास:* पहिल्यांदा अर्धीच वाटी द्यावी. ज्या व्यक्तीच्या रोजच्या आहारात कडधान्ये आणि तंतू कमी असतात, तिला एकदम भरपूर भाजी दिल्यास त्रास होणे स्वाभाविक आहे. भोगीच्या आधीच्या आठवड्यापासून थोडे मटार, थोडा घेवडा जेवणात सुरू करावा.

*मूत्रपिंडाचा विकार असल्यास:* येथे मात्र एक लहान पातेले वेगळे लागते, हे स्पष्ट सांगायला हवे. दाणे, शेंगदाणे, तीळ, बटाटा आणि गूळ यांत पोटॅशियम व फॉस्फरस असतात. मूत्रपिंडे दुर्बल झाली की पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. अशा व्यक्तीसाठी गाजर, वांगी, घेवडा यांचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे. मग त्यांना तीच फोडणी आणि तोच गोडा मसाला द्यावा. दाणे आणि तिळाचे वाटण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तेवढेच घालावे. बाजरीऐवजी तांदळाची भाकरी करावी. आणि ‘लो-सोडियम’ मीठ तर अजिबात वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबासाठी म्हणून मोठ्या विश्वासाने आणलेले हे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते.

घड्याळाकडे लक्ष द्यावे

सणाच्या रात्री सर्वाधिक दुर्लक्षित होते ती जेवणाची वेळ. मुलगा चर्चगेटहून निघतो, लोकल उशिरा येते, ‘सगळे एकत्र बसू’ म्हणून आजी-आजोबा थांबून राहतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही प्रतीक्षा धोक्याची असते. औषध वेळेवर घेतले आणि जेवण दोन तास लांबले, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, विसंगत बोलणे किंवा अकारण चिडणे ही त्याची लक्षणे आहेत. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ग्लुकोज नसल्यास साखर द्यावी. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साध्या साखरेचा उपयोग फार सावकाश होतो, त्यांच्यासाठी घरात ग्लुकोजच ठेवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

म्हणून ज्येष्ठांचे जेवण त्यांच्या नेहमीच्या वेळीच व्हावे. जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट समोर आल्याखेरीज टोचू नये, आणि सणासाठी मात्रेत काही फरक करायचा का, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. पंगती दोन झाल्या तरी बिघडत नाही. आजोबा साडेसातला जेवतील आणि मुले साडेनऊला. पण साडेसातच्या पंगतीला घरातील कोणीतरी एक जण त्यांच्या शेजारी तेच ताट घेऊन बसावे. सोबत असली की चार घास अधिक जातात, हे प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने अनुभवलेले असते.

उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणूनच वापरावी. मुरलेली भाजी अनेकांना अधिक रुचते.

आणि एक विनंती. भोगीच्या आदल्या संध्याकाळी शेंगा बाजारातून आल्या, की सोलण्याचे काम घरातील ज्येष्ठांकडे सोपवावे. पावटे आणि मटार सोलताना बोटांना चांगला व्यायाम होतो. संधिवाताने बोटे आखडलेल्यांनीही सोसेल तेवढे करावे. त्यांच्या माहेरी या भाजीत काय काय पडत असे, हेही त्या वेळी विचारावे. एखादीकडे चाकवत घालत, एखादीकडे तिळासोबत कारळे भाजून घेत. आईने किंवा सासूबाईंनी सांगितलेली अशी एखादी वस्तू यंदाच्या पातेल्यात जरूर घालावी. स्वतः सोललेले दाणे आणि स्वतः सांगितलेली चव ताटात आली, की ‘भूक नाही’ हे शब्द त्या रात्री बहुधा ऐकू येत नाहीत.